दोन्ही कारखान्यांत १९२.१६८.१.०/२४ आहे, सातपूर आणि अंबड जोडायचं कसं?

सातपूर_आयटी

नमस्कार मंडळी. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत मुख्य युनिट आहे. अंबडचं दुसरं, चालू स्थितीतलं युनिट कंपनीने नुकतंच घेतलं. दोन्हीकडे नेटवर्क १९२.१६८.१.०/२४ (म्हणजे १९२.१६८.१ ने सुरू होणारे सगळे पत्ते), दोन्हीकडे राउटर १९२.१६८.१.१. खाली नुसता शेवटचा आकडा लिहितो.

सातपूरला ईआरपी (कंपनीचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर .१० वर आहे (एसक्यूएल सर्व्हर, नेम्ड इन्स्टन्स म्हणजे वेगळं नाव देऊन चालवलेला डेटाबेस), टॅली .११, हजेरीचं सॉफ्टवेअर .२०, शिवाय कॉम्प्युटर आणि प्रिंटर धरून साधारण ७० डबे. अंबडला सहा सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरने चालणारी यंत्रं, .५१ ते .५६ (फानुक कंट्रोल), एक सीमेन्स एस७-३०० पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) .६०, डीएनसीचा (सीएनसींना प्रोग्रॅम पाठवणारा) विंडोज एक्सपी पीसी .७०, हजेरीचं मशीन .८० आणि ऑफिसात १५ कॉम्प्युटर.

हवं ते एवढंच: ईआरपीने सीएनसीकडून पार्ट काउंट आणि अलार्म वाचावेत, अंबडच्या ऑफिसने ईआरपी वापरावा, हजेरी सातपूरला यावी.

दोन्हीकडे मायक्रोटिक हेक्स राउटर लावून वायरगार्ड (व्हीपीएन) टनेल उभा केला. हँडशेक होतो, टनेलचे पत्ते एकमेकांना पिंग होतात. पण सातपूरहून १९२.१६८.१.५१ ला पिंग केलं तर उत्तर येतं ते सातपूरच्याच लेबल प्रिंटरकडून.

अडचणी तीन. सीएनसी आणि पीएलसीचे पत्ते बदलता येत नाहीत: पीएलसी प्रोग्रॅमची मूळ प्रत हाताशी नाही आणि एचएमआयमध्ये (ऑपरेटरच्या स्क्रीनमध्ये) .६० पक्का बसवलेला आहे. काही सीएनसीवर गेटवेचा (बाहेर जायच्या राउटरच्या पत्त्याचा) रकाना रिकामा आहे. सातपूरला स्टॅटिक आयपी आहे, पण अंबडच्या राउटरच्या वॅनवर (इंटरनेटकडच्या बाजूला) १००.७२ ने सुरू होणारा पत्ता दिसतो.

गंगाघाट

टनेलमध्ये दोष नाही. सातपूरच्या कॉम्प्युटरला १९२.१६८.१.५१ हा पत्ता आपल्याच वायरवरचा वाटतो, म्हणून तो राउटरला विचारतच नाही. सरळ एआरपी (हा पत्ता कोणाचा, असं सगळ्या वायरला विचारणं) ओरडतो, ‘.५१ कोण?’ प्रिंटर ‘मी’ म्हणतो, आणि विषय तिथेच संपतो. राउटिंग टेबलमध्ये काहीही लिहा, पॅकेट राउटरपर्यंत पोचलंच नाही तर त्याचा उपयोग नाही. त्यामुळे प्रत्येक बाजूला समोरची बाजू वेगळ्या पत्त्यांची दिसली पाहिजे. याला एकास-एक नॅट (राउटरने वाटेत पत्ते बदलणं) म्हणतात, मायक्रोटिक आणि लिनक्स दोन्हींत त्या कृतीचं नाव नेटमॅप. शेवटचा आकडा तोच राहतो, आधीचे तीन बदलतात.

आकडे असे धरा:

सातपूर बाहेरून दिसेल १०.४१.१.०/२४
अंबड बाहेरून दिसेल १०.४२.१.०/२४
टनेलची दोन टोकं १०.२५५.०.१ आणि १०.२५५.०.२

१० च्या घरात का, तर आरएफसी १९१८ ने १९९६ साली खासगी वापरासाठी तीन पट्टे ठेवले, त्यांतल्या १०.०.०.०/८ मध्येच सुमारे १.६८ कोटी पत्ते आहेत. त्यातही १०.०.०, १०.१.१ असले सगळ्यांना सुचणारे आकडे टाळा, उद्या तिसऱ्या युनिटमध्ये तेच निघतील. १७२.१७ डॉकर हे सॉफ्टवेअर आपण होऊन घेतं. १९२.१६८.४१ वगैरेही नको: जुन्या मशिनांवर मास्क (कोणते पत्ते स्थानिक ते ठरवणारा आकडा) बऱ्याचदा २५५.२५५.०.० ठेवलेला असतो, मग मशीनला अख्खं १९२.१६८ स्थानिक वाटतं आणि उत्तर राउटरकडे येत नाही.

सातपूरच्या राउटरवर दोन नियम. एक, सोर्स नॅट: १९२.१६८.१.०/२४ कडून निघून वायरगार्डच्या इंटरफेसमधून बाहेर पडणाऱ्या पॅकेटचा सोर्स नेटमॅपने १०.४१.१.०/२४ करा. दोन, डेस्टिनेशन नॅट: वायरगार्डमधून आत येणाऱ्या, १०.४१.१.०/२४ साठीच्या पॅकेटचं डेस्टिनेशन नेटमॅपने १९२.१६८.१.०/२४ करा. अंबडला हेच, ४१ च्या जागी ४२. राउट फक्त समोरच्या बाहेरच्या पत्त्याचा टाका: सातपूरला १०.४२.१.०/२४, अंबडला १०.४१.१.०/२४, दोन्ही वायरगार्डकडे.

वायरगार्डच्या पीअरच्या (समोरच्या टोकाच्या) अलाउड ॲड्रेसमध्येही, म्हणजे परवानगी असलेल्या पत्त्यांत, बाहेरचेच पत्ते हवेत: सातपूरला १०.४२.१.०/२४ आणि १०.२५५.०.२/३२. तिथे १९२.१६८.१.०/२४ लिहिलं आणि १०.४२ विसरलं, तर राउट बरोबर असूनही वायरगार्ड पॅकेट टाकून देतो. राउट आणि अलाउड ॲड्रेस या दोन वेगळ्या चाळण्या आहेत, दोन्हींतून पार व्हावं लागतं.

आता ईआरपीने १०.४२.१.५१ ला हाक मारली की सातपूरच्या राउटरवर सोर्स १०.४१.१.१० होतो, अंबडच्या राउटरवर डेस्टिनेशन १९२.१६८.१.५१ होतं. परतीचा बदल कनेक्शन ट्रॅकिंग (राउटरने ठेवलेली चालू जोडण्यांची नोंद) आपोआप करतं, त्यासाठी वेगळा नियम लागत नाही. मात्र नॅटचे नियम कनेक्शनच्या फक्त पहिल्या पॅकेटला लागतात. म्हणून नियम बदलताना पिंग चालू ठेवला असेल तर तो जुन्याच वाटेने जात राहतो आणि आपण उगाच नवा नियम चुकीचा ठरवतो. प्रत्येक बदलानंतर कनेक्शन्सच्या यादीतून त्या नोंदी काढा, मग तपासा. तपासणी राउटरवरून नको, कॉम्प्युटरवरून करा. राउटर स्वतः पिंग करतो तेव्हा सोर्स १०.२५५.०.१ असतो, तो नेटमॅपमध्ये बसत नाही.

फायरवॉलचे फॉरवर्ड नियम डेस्टिनेशन बदलल्यानंतर तपासले जातात. म्हणून अंबडला परवानगी लिहिताना डेस्टिनेशन १९२.१६८.१.५१ आणि सोर्स १०.४१.१.१० लिहायचा.

१००.७२ म्हणजे कॅरिअर-ग्रेड नॅट, इंटरनेट कंपनीने स्वतःच्या बाजूला केलेलं नॅट. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा २०१२ च्या आरएफसी ६५९८ ने इंटरनेट कंपन्यांसाठी राखला. अंबडकडे बाहेरून कोणी येऊ शकत नाही, पण सातपूरला स्टॅटिक आयपी असल्याने बिघडत नाही. एंडपॉइंट (समोरच्याचा इंटरनेटवरचा पत्ता) फक्त अंबडच्या बाजूला भरा आणि तिथेच परसिस्टंट कीपअलाइव्ह (टनेल जागा ठेवणारं छोटं पॅकेट) २५ सेकंद ठेवा. तो नसेल तर थोडा वेळ शांतता गेली की वाटेतलं नॅट नोंद विसरतं, आणि अंबडकडून काही हालचाल होईपर्यंत सातपूरहून मशिनं गायब होतात.

एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) वायरगार्डचा मूळचा १४२० राहू द्या. पीपीपीओईचे (लॉगिन लागणाऱ्या ब्रॉडबँड जोडणीचे) १४९२, त्यातून आयपीव्ही४ वर वायरगार्डचे ६० वजा जाऊन १४३२ उरतात, म्हणजे १४२० बसतो. तरी टीसीपीचा एमएसएस क्लॅम्प (तुकड्यांचा आकार टनेलला बसेल इतकाच ठेवणारा नियम) लावा. पिंग लागतो, लॉगिन होतं, पण मोठा रिपोर्ट उघडताना स्क्रीन गोठते, हे लक्षण एमटीयूचंच.

नाशिकरोड_४२२१०१

आणखी एक जागा बघून घ्या. फायबरचा ओएनटी (इंटरनेट कंपनीचा मोडेम) स्वतः आतल्या बाजूला १९२.१६८.१.१ धरून बसतो, असं फार ठिकाणी असतं. अंबडला सध्या वॅनवर १००.७२ दिसतोय म्हणजे ओएनटी ब्रिज मोडमध्ये (स्वतः राउटर न होता नुसता पुढे सोडणारा) आहे, ठीक. पण कंपनीच्या माणसाने ओएनटी बदलला किंवा रीसेट केला तर वॅनवर १९२.१६८.१.x येईल, आत लॅनही (कारखान्यातलं नेटवर्कही) तेच, आणि राउटरच्या दोन पायांवर एकच सबनेट बसेल. इंटरनेटही जाईल, टनेलही. ब्रिज करता येत नसेल तर निदान ओएनटीचा आतला पत्ता १९२.१६८.२५४.१ करून ठेवा.

ईओआयपीने (मायक्रोटिकचा एक टनेल) दोन्ही लॅन ब्रिज, म्हणजे एकच वायर, करायचा सल्ला कुणी देईल, तो घेऊ नका. दोन डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणारे), दोन .१, दोन .५१ एका वायरवर आले की एआरपी दर काही मिनिटांनी इकडून तिकडे फिरतो आणि चालू असलेलं युनिटही बसतं.

फक्त पाच-सहा मशिनांपुरतं काम असेल तर प्रॉक्सी एआरपीही चालतो: सातपूरच्या राउटरवर .५१ ते .५६ चे /३२ (एकेका पत्त्याचे) राउट टनेलकडे आणि लॅनवर प्रॉक्सी एआरपी. ईआरपीच्या ‘कोण?’ ला राउटरच उत्तर देतो. प्रिंटर तेवढा .५१ वरून हलवावा लागेल.

गंगाघाट

प्रॉक्सी एआरपीचा अर्धा भाग राहिला. सीएनसीला ईआरपीचा .१० हाही स्थानिकच वाटणार, म्हणजे अंबडलाही .१० साठी तेच करावं लागेल आणि अंबडला .१० कुणाकडे नसावा लागेल. शिवाय सातपूरच्या डीएचसीपीने उद्या .५४ कुणाच्या लॅपटॉपला दिला की दोघांची मारामारी. नेटमॅपमध्ये हा धोका नाही. ओएनटीचा मुद्दा मात्र अगदी बरोबर.

शॉपफ्लोअर

वरचं नेटमॅप बरोबर आहे, पण अख्ख्या अंबडला नॅटमागे ठेवू नका. पत्ता बदलता येणारी वस्तू आणि न येणारी वस्तू वेगळ्या करा. ऑफिसचे १५ कॉम्प्युटर आणि हजेरी मशीन यांचे पत्ते एका दुपारी बदलतात, त्यांना नॅट कशाला? अंबडचं ऑफिस खरोखरच १०.४२.१.०/२४ करून टाका, हजेरी मशीन १०.४२.१.८०. सीएनसी, पीएलसी, एचएमआय आणि एक्सपी पीसी हेक्सच्या एका वेगळ्या पोर्टवर, वेगळ्या स्विचवर. ते पोर्ट ब्रिजमधून काढा, त्यावर १९२.१६८.१.१ ठेवा. मशिनांना काही बदललेलं कळणारही नाही. बाहेरून हे बेट १०.४२.२०.०/२४ दिसू द्या. नॅट मग फक्त या बेटाच्या काठावर उरतं. डेस्टिनेशन नियमातली ‘वायरगार्डमधून आलेलं’ ही अट काढा, म्हणजे अंबडच्या ऑफिसलाही मशीन १०.४२.२०.५१ याच पत्त्याने मिळेल, सगळीकडे एकच पत्ता. सातपूरच्या राउट आणि अलाउड ॲड्रेसमध्ये १०.४२.२०.०/२४ वाढवायला विसरू नका.

गेटवे रिकामा असलेल्या सीएनसीला १०.४१.१.१० कडून विचारणा पोचते, पण उत्तर कुठे टाकायचं ते तिला माहीत नसतं. त्यासाठी मशिनांच्या पोर्टमधून बाहेर पडणाऱ्या, .५१ ते .६० साठीच्या पॅकेटला मास्करेड (सोर्स म्हणून राउटरचाच पत्ता लावणारं नॅट) लावा. सीएनसीला वाटतं १९२.१६८.१.१ बोलतोय, म्हणजे शेजारीच, आणि ती उत्तर देते. मास्करेड सरसकट लावू नका: एक्सपी पीसीला गेटवे भरता येतो, तो भरा, नाहीतर त्याच्या लॉगमध्ये प्रत्येक जोडणी राउटरच्या नावावर दिसेल.

नॅटमधून काय जातं आणि काय अडतं, ते असं. मशिनांशी बोलायचे प्रोटोकॉल: फानुकचं फोकस टीसीपी ८१९३ वर, सीमेन्सचं एस७ टीसीपी १०२ वर, मॉडबस ५०२ वर. यांच्या निरोपाच्या आत आयपी पत्ता नसतो, म्हणून बिनतक्रार जातात. हजेरीच्या मशीनचं नेहमीचं पोर्ट ४३७०. पुश पद्धतीचं असेल तर उलटं, मशीनच सर्व्हरकडे जातं, मग त्यात सर्व्हर म्हणून १०.४१.१.२० भरा.

अडतं ते एफटीपी (फाइली पाठवायची पद्धत) आणि जुनं ओपीसी (मशिनांचा डेटा सॉफ्टवेअरला देणारी पद्धत). ॲक्टिव्ह एफटीपीमध्ये क्लायंट आपला पत्ता आज्ञेच्या आतच लिहून पाठवतो. राउटरचा एफटीपी मदतनीस तो बदलतो खरा, पण फक्त २१ पोर्टवर. प्रोग्रॅम पाठवायला दुसरं पोर्ट ठेवलं असेल तर लॉगिन होतं आणि फाइलींची यादी येतच नाही. मदतनीसात ते पोर्ट वाढवा. जुनं ओपीसी, म्हणजे ओपीसी डीए, तर विंडोजच्या डीकॉमवर चालतं: १३५ वर सुरुवात, पुढे बदलती पोर्टं, आणि आत सर्व्हरचा खरा पत्ता. नॅटमधून ते नीट चालवायचा नादच सोडा. ओपीसीचे सर्व्हर आणि क्लायंट दोन्ही बेटाच्या आत ठेवा, बाहेर ओपीसी यूए (त्याची नवी आवृत्ती), टीसीपी ४८४०. यूए सर्व्हरही जोडणीचा पत्ता म्हणून १९२.१६८.१.७० परत सांगतो, म्हणून क्लायंटमध्ये १०.४२.२०.७० हाताने भरून तोच वापरायला लावा.

एक्सपीच्या शेअर्ड फोल्डरसाठी सातपूरच्या सर्व्हरवर एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी, असुरक्षित आवृत्ती) चालू करू नका, कळकळीने सांगतो. एका जुन्या पीसीसाठी अख्ख्या ईआरपीचं दार उघडं राहतं.

आणि एस७-३०० वर १०२ पोर्टापर्यंत पोचलेला कुणीही बरंच काही करू शकतो. टनेलकडून बेटाकडे फक्त १०.४१.१.१० ला, फक्त ८१९३ आणि १०२, यूए वापरलं तर ४८४०, आणि तपासणीपुरता पिंग. बाकी ड्रॉप. बेटातून इंटरनेट पूर्ण बंद.

सातपूर_आयटी

फार उपयोगी, मनापासून आभार. दोन शंका. अंबडच्या ऑफिसला ईआरपी नेम्ड इन्स्टन्समुळे जोडला जात नाहीये. आणि सातपूरचेही पत्ते पुढेमागे बदलायचे तर आता केलेलं सगळं पुन्हा करावं लागेल का?

गंगाघाट

नेम्ड इन्स्टन्सचा क्लायंट आधी यूडीपी १४३४ वर पोर्ट विचारतो, आणि ते पोर्ट सर्व्हिस रीस्टार्ट झाल्यावर बदलू शकतं. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये टीसीपीच्या ‘आयपी ऑल’ खाली डायनॅमिक पोर्टचा रकाना रिकामा करा, टीसीपी पोर्ट १४३३ भरा (दुसऱ्या इन्स्टन्सने ते धरलेलं नाही ना, बघून घ्या), सर्व्हिस रीस्टार्ट करा. क्लायंटमध्ये सर्व्हरच्या नावापुढे स्वल्पविराम देऊन १४३३. आकडी पत्ता नको, नाव वापरा: सातपूरचा डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा) त्या नावाला १९२.१६८.१.१० सांगेल, अंबडचा १०.४१.१.१०.

दुसऱ्या शंकेचं उत्तर आकडे निवडतानाच दिलंय. १०.४१.१.०/२४ हा आज सातपूरचा मुखवटा आहे, उद्या तोच खरा पत्ता करा, शेवटचा आकडा न बदलता. ईआरपी १९२.१६८.१.१० वरून १०.४१.१.१० वर जाईल आणि अंबडला एकही सेटिंग बदलावी लागणार नाही, कारण तिथे सगळे आधीपासून १०.४१.१.१० लाच हाक मारताहेत.

क्रम महत्त्वाचा. सातपूरच्या राउटरच्या लॅनवर १०.४१.१.१ हा दुसरा पत्ता टाका, जुना राहू द्या. सर्व्हरांना त्याच कार्डावर दुसरा पत्ता द्या: .१०, .११, .२०. डीएचसीपीची लीज (दिलेल्या पत्त्याची मुदत) एक दिवस आधी १ तासावर आणा, मग नवा पूल १०.४१.१.१५१ ते .२५० सुरू करा. .१५० च्या खालचे पत्ते प्रिंटर आणि सर्व्हरांसाठी राखीव. क्लायंट हलवण्याआधी सर्व्हरांना दुसरा पत्ता हवाच: नवा क्लायंट १०.४१.१.१० ला आपल्याच वायरवर शोधतो, तिथे राउटरचं नेटमॅप मदतीला येत नाही.

खरी ठेच लागते ती पुढे. जुना पत्ता काढून टाकलेल्या वस्तूसाठी अंबडहून पॅकेट आलं, तर नेटमॅप ते अजूनही १९२.१६८.१ कडे वळवतो आणि तिथे आता कुणी नसतं. म्हणून ‘हलवलेले’ अशी ॲड्रेस लिस्ट करा आणि नेटमॅपच्या वर डेस्टिनेशन नॅटमध्ये त्या यादीसाठी ॲक्सेप्ट नियम ठेवा. वस्तू हलली की यादीत टाका. सगळं यादीत आलं की दोन्ही नेटमॅप नियम काढा. सोर्सच्या बाजूला काही करावं लागत नाही, तो नियम मुळात १९२.१६८.१ पुरताच आहे.

हे काम दिवाळीच्या सुट्टीत किंवा दसऱ्याला यंत्रपूजेसाठी मशिनं बंद असतात तेव्हा घ्या. त्याआधी दोन्ही हेक्सचा बॅकअप आणि एक्सपोर्ट कॉम्प्युटरवर काढून ठेवा, आणि एक तिसरा हेक्स कपाटात.

सातपूर_आयटी

अंबडचं ऑफिस १०.४२.१ वर आलं, बेट वेगळं झालं. .५३ आणि .५५ सोडून सगळ्या सीएनसी बोलताहेत. .५५ ला पिंग लागतो पण ८१९३ उघडत नाही. .५३ ला पिंगही नाही.

शॉपफ्लोअर

मशिनांच्या पोर्टवर पॅकेट स्निफर (जाणारी-येणारी पॅकेटं दाखवणारं साधन) लावा आणि .५३ साठी बघा. पिंगचं पॅकेट १९२.१६८.१.१ या सोर्सने बाहेर पडतंय आणि उत्तर नाही, तर मशीनच्या आतली अडचण. सोर्स १०.४१.१.१० दिसतोय, तर मास्करेडच्या यादीत .५३ सुटलाय. पिंग दिसतच नाही, नुसता एआरपी प्रश्न जातोय, तर नॅटचा काही संबंध नाही: केबल, स्विचचं पोर्ट किंवा मशीनवर भरलेला पत्ता. बऱ्याच फानुक कंट्रोलवर एम्बेडेड (मूळचं बसवलेलं) पोर्ट आणि पीसीएमसीआयए (खाचेत घालायचं) कार्ड यांच्या सेटिंग वेगवेगळ्या असतात, पत्ता एकीकडे भरलेला आणि केबल दुसरीकडे असं सर्रास होतं. स्विचच्या पोर्टवर कुणी १०० फुल ड्युप्लेक्स पक्कं केलं असेल तर ते ऑटोवर आणा. जुनं १० एमबीपीएस कार्ड त्या सेटिंगला लिंकच देत नाही.

.५५ साठी फोकसच्या पानावर टीसीपी पोर्टचा रकाना बघा. तिथे ० असेल तर पिंग लागतो आणि ८१९३ बंद राहतं. ८१९३ भरा, कंट्रोल बंद करून चालू करा.

सातपूर_आयटी

.५५ वर ० च होता, आता वाचतोय. .५३ साठी नुसता एआरपी जातोय, उद्या पहिली पाळी सुटल्यावर पॅनेल उघडून केबल कुठे लावलीय ते बघतो.